गप्प बसलेली बाळंतीण

आशाताई बाळंतिणीच्या घरी येते तेव्हा तिच्या पिशवीत बाळाचा वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो आणि एक फॉर्म असतो. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. या घरभेटींचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे देशाने ती पद्धत उचलली. त्या वजनकाट्याने किती जीव वाचवले, हे विसरून पुढचं काही मला लिहायचं नाही.

फॉर्ममध्ये आईसाठीही प्रश्न आहेत. पोटभर किती वेळा जेवली? ताप आहे का? असंबद्ध बोलते का, झटके येतात का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना, बहुधा पहिल्या पंधरवड्यातच, तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, नाही नाही ते भास होतात, आपल्याच बाळाविषयी भलते संशय येतात. अशा बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. देवऋष्याकडे घालवलेला एकेक दिवस तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेततो.

पण असंबद्ध बोलणारी सापडते, गप्प बसलेली सुटते. बाळंतपणानंतरचं नैराश्य असंबद्ध बोलत नाही. ते बोलतच नाही. बाई उठते, बाळाला पाजते, लंगोट बदलते, विचारलं तर "बरी आहे" म्हणते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांत उगाच पाणी येणं निराळं. ते पुष्कळ जणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. हे ओसरत नाही. घरात मात्र दोन्हींवर एकच औषध: "रडू नको, दूध आटेल." म्हणजे दुःख आहेच, वर ते लपवण्याची जबाबदारीही तिचीच.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ आया नैराश्यात होत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेलं नातं होतं, आणि मुलगी झाली ही गोष्टही होती. पुढे त्याच संशोधकांना दिसलं की अशा आयांच्या बाळांचं वजन सहाव्या महिन्यात कमी भरण्याची शक्यता जास्त. काटा बाळाचं वजन दाखवत होता, दुखणं आईचं होतं. आणि वजन घटलं की आपण त्याच आईला बजावतो, नीट पाज म्हणून.

नर्सिंगच्या मुली प्रसूती, बालरुग्ण आणि मानसिक आरोग्य हे तिन्ही विषय शिकतात, तिन्ही वॉर्डांत ड्युटी करतात. नोकरी लागली की एका वॉर्डाच्या होऊन जातात. प्रसूतिकक्षातली सिस्टर टाके बघते, बालरुग्ण विभागातली सलाईन बघते, आणि मनाचा वॉर्ड गावाबाहेरच्या इमारतीत असतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९पासून आई आणि तान्हं बाळ एकत्र ठेवणारा विभाग आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये. कायद्याला कळलं की हे दोन रुग्ण नाहीत. वॉर्डांच्या भिंतींना अजून कळायचं आहे.

विचारायचं कसं, हेही ठाऊक आहे. एडिनबरोची १९८७ सालची दहा प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. आपल्याकडे अडचण यादीची नाही, खोलीची आहे. सासू शेजारी बसलेली असताना कुठली सून खरं सांगेल? "आजी, बाळाला जरा कोवळ्या उन्हात घेऊन बसता का?" असं म्हणून पाच मिनिटं एकांत मिळवणं, हे मी नाडी मोजण्याइतकंच नर्सिंगचं कौशल्य मानतो. आणि विचारून पुढे काय, असं कोणी म्हणू नये. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्याच कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवलं. त्यांनी ज्या निराश आयांना भेटी दिल्या, त्यांच्यात सहा महिन्यांनी शंभरात २३ जणीच नैराश्यात उरल्या. नेहमीच्याच भेटी मिळालेल्यांत ५३. तो अभ्यास २००८चा आहे.

आपली सहावी भेट बेचाळिसाव्या दिवशी संपते. लहान मुलांसाठीच्या पुढच्या घरभेटी तिसऱ्या महिन्यात सुरू होतात. गोव्यातल्या त्या आयांना नैराश्याने गाठलेलं दिसलं, ते नेमकं या मधल्या काळाच्या उंबरठ्यावर. आरोग्य खात्याला माझी विनंती एवढीच: या मधल्या काळात एक भेट आईसाठी ठेवा, बाळाच्या वजनाच्या रकान्याखाली तिच्या मनाविषयी दोन प्रश्न छापा, आणि त्या भेटीचा मोबदला आशाताईंना वेगळा द्या.