अनोळखी सूर पोरांच्या कानी पडू द्या

मुखेड-कंधारकडची पोरं दहावी झाली की लातूरला नाहीतर नांदेडला शिकवणीला जातात. आईबाप उसनवारी करून, प्रसंगी शेत गहाण टाकून त्यांना पाठवतात. त्यामागची तळमळ खरी आहे, आणि त्यातून डॉक्टर झालेल्या पोरांचा मला अभिमान आहे. पण त्या दोन वर्षांत मनाला जी सवय जडते, तिच्याविषयी कुणी बोलत नाही. नीटला १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय; बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. खात्री नसेल तर गोल काळा करू नको, हे रोज बजावलं जातं. परीक्षेपुरतं ते शहाणपणाचंच आहे. पुढे मात्र तोच पोरगा कधी न ऐकलेलं गाणं, कधी न पाहिलेला सिनेमा समोर आला की एकतर गप्प बसतो, नाहीतर हसून वेळ मारून नेतो. तिथं पर्याय छापलेले नसतात, आणि चुकलो तर आपलं गावंढळपण उघडं पडेल, ही धास्ती असते.

एका कॉलेजात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ दाखवला होता. २०१४चा हा सिनेमा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरचा खटला त्यात रखडत चालतो. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, दार लागतं आणि पडद्यावर नुसता अंधार उरतो. सिनेमा संपला म्हणून पोरं उठली, चपला शोधू लागली. तेवढ्यात पडद्यावर पुन्हा उजेड आला. न्यायाधीश सहलीला गेलेले. मागून शिट्टी वाजली. सिनेमा संपताच एका सरांनी माइक हातात घेऊन त्याचा ‘संदेश’ सांगितला आणि आभार मानून कार्यक्रम आटोपला. दारातून बाहेर पडताना एक मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, “कांबळेचं काय झालं ते सांगितलंच नाही बघ, अन् तो जज मात्र निवांत झोपला.” सिनेमाचं मर्म तिला नेमकं सापडलं होतं. ते सभागृहात बोलायला तिला जागाच ठेवली नव्हती.

आमच्या पोरांना हे झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांनी इथल्या रात्री आठवाव्यात. याच भागात घराघरांतून रात्रभर खंडोबाचं जागरण चालतं. वाघ्या-मुरळी एकच कथा घोळवून घोळवून गातात आणि लहान लेकरंसुद्धा पहाटेपर्यंत बसून राहतात. मग मणी कौल यांच्या ‘ध्रुपद’ या चित्रपटात झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणेवर एकेक स्वर सावकाश उलगडू लागले, तर त्याच कानांना धीर का धरवू नये? तबला नाही, शब्द नाहीत. “गाणं सुरू कधी व्हणार?” असं एखाद्यानं विचारलं तर त्याला हसू नका. त्याच प्रश्नावरून सांगता येतं की गाणं सुरू झालंय, आलापात राग आधी स्वरांनीच उभा राहतो. मात्र त्यानं विचारण्याआधीच व्याख्यान झोडलं, तर त्याचा प्रश्न तोंडातच राहतो.

व्हिडिओ कला म्हटलं की ती मुंबईच्या दालनांतली बड्या लोकांची चैन वाटते. पण चित्रकार नलिनी मलानी यांनी १९९८ साली पोखरणच्या अणुचाचणीनंतर मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’ कथेवरून एक रचना केली. तिच्यात पडदे बसवले होते पत्र्याच्या ट्रंकांमध्ये. तशीच ट्रंक घेऊन आपली पोरं होस्टेलला जातात, आणि ऊसतोडीला निघालेल्या घरातही ती असते. मंटोची कथा फाळणीची, आणि तसं घर सुटणं इथंही ठाऊक आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. रझाकारांच्या धास्तीनं एका रात्रीत गाव सोडल्याच्या आठवणी इथल्या घरांत आजही सांगितल्या जातात. ती ट्रंक पाहून आजीची आठवण बोलून दाखवणारा विद्यार्थी ती कलाकृती समजायला कुणाहून कमी नाही.

न आवडण्याचाही हक्क त्याला हवा. जाणकारांसारखी मान डोलवणं मला शिट्टीइतकंच पोकळ वाटतं. “लई लांबलंय, मला कंटाळा आला” असं तो म्हणाला, तर कुठं आला आणि का आला, एवढं त्याच्याकडून काढून घ्या. तिथून त्याचं स्वतःचं मत सुरू होतं. नागराज मंजुळे जेऊरसारख्या गावातून तेव्हाच्या अहमदनगरला शिकायला गेले. न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचं शिक्षण घेताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईबाहेरच्या कॉलेजातून हे घडलं. सगळीच पोरं सिनेमा काढणार नाहीत, काढायची गरजही नाही. पण उद्या दवाखान्यात पुस्तकात न बसणारं दुखणं घेऊन पेशंट आला, तर ‘हे मला अजून कळलेलं नाही, नीट बघू द्या’ असं म्हणणारा डॉक्टर मला हवा.

कॉलेजात असे सिनेमे दाखवायला खर्चाची सबब चालणार नाही. प्रोजेक्टर बहुतेक कॉलेजांत आहे, आणि स्नेहसंमेलनात डीजेवर पैसा जातोच. महिन्यातून एक शनिवार द्या. सिनेमा संपला की दिवे लावून अर्धा तास राखून ठेवा. आधी विद्यार्थी बोलतील, प्राध्यापक सगळ्यांत शेवटी. आणि कार्यक्रम सकाळीच ठेवा. संध्याकाळी ठेवलात तर खेड्यावरून येणाऱ्या मुली एसटी चुकेल म्हणून मधूनच उठतात आणि चर्चेला फक्त गावातली पोरं उरतात.