अर्धं पत्र

एमआरआयचं ते मोठं पाकीट आज पाचव्यांदा उघडलंत. आता ते कपाटावर ठेवा आणि खुर्चीत पाठ टेकून बसा. न्यूरॉलॉजिस्टची वेळ अकरा दिवसांनी आहे. आत्ता कुठे जायचं नाही.

त्या यंत्रात पडून होतात ती मिनिटं आठवा. डोक्याभोवती पिंजरा, कानांत बोळे, आणि ती ठकठक. चुंबकाच्या आतली तारांची वेटोळी विजेच्या झटक्यांनी थरथरत होती, त्यांचा तो आवाज. दीड टेस्लाचं यंत्र असेल, तर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकद. त्या ओढीत तुमच्या मेंदूतल्या पाण्यातला हायड्रोजन जरासा वळला, रेडिओलहरींनी हलला, आणि जागेवर परत येताना कुजबुजला. या कुजबुजीचं चित्र करण्याच्या युक्तीबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

म्हणजे त्या फिल्मवर आहे तो बहुतांशी पाण्याचा नकाशा. इथे जरा थांबा. पाण्याचा नकाशा.

आता रिपोर्टमधल्या ज्या शब्दावर बोट अडतं तिथे या. ‘नॉन-स्पेसिफिक’. फ्लेअर नावाच्या चित्रांत मेंदूभोवतीचं मोकळं पाणी मुद्दाम काळं करतात, म्हणजे आतल्या जाळ्यात कुठे पाणी थोडं जास्त असेल तर ते पांढऱ्या ठिपक्यासारखं उठून दिसतं. ठिपका एवढंच सांगतो. का जास्त, ते सांगत नाही. वाढत्या वयाने असेल, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, अर्धशिशीने, जुन्या सुजेने, किंवा रात्री दोन वाजता मोबाइलवर ज्याचं नाव शोधलंत त्या आजाराने. ठिपका कुठे आहे, कसा आहे, किती आहेत, यावरून जाणकार बरंच ताडतो. तरीही कधी कधी नुसत्या चित्रावरून ठरत नाही. ‘काही नसतं हो’ असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे नातेवाईक पुरेसे असतात.

आणि ती शेवटची ओळ, ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’, म्हणजे लक्षणांशी जुळवून पाहा. मला ती पूर्वी हात झटकल्यासारखी वाटायची. आता वाटत नाही. रेडिओलॉजिस्टने अंधाऱ्या खोलीत तुमचे शेकडो काप पाहिले. तुम्हाला जिना उतरताना पाहिलं नाही. रिपोर्ट हे एका डॉक्टरने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र, तेही अर्धं. वाटेत ते आपण फोडून बसलो आहोत.

उरलेलं अर्धं तुमच्याकडे आहे. सावकाश शोधा. हाताला मुंग्या पहिल्यांदा कधी आल्या, गणपतीच्या आधी की नंतर? कुठल्या हाताला? काही मिनिटं, की दोन-चार दिवस? गरम पाण्याने आंघोळ केल्यावर वाढतं? शर्टाचं बटण लावताना बोटं चुकतात? आठवत नसेल तर घरात विचारा. ‘अहो, दिवाळीतही तुमच्या हातून कप सुटला होता’ हे वाक्य स्वयंपाकघरातून येतं, ते कुठल्याही फिल्मवर दिसत नाही. जुना स्कॅन असेल तर माळ्यावरून काढा, दहा वर्षांपूर्वीचा का असेना. हाच ठिपका तेव्हाही तसाच असेल, तर त्याचं वजन बदलतं.

एक गोष्ट या सावकाशीत बसत नाही. तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, एका बाजूचा जोर अचानक गेला, एकदम दिसेनासं झालं, फिट आली, किंवा जन्मात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी दुखलं, तर अकरा दिवस मोजायचे नाहीत. थेट कॅज्युअल्टी.

ते सोडून, पुन्हा पाठ टेका.

रात्री दोनला जाग येईलच. कपाटावर हात जाईल. उशाशी एक वही ठेवा, साधी, मुलांची उरलेली चालेल. तारीख टाका, जे जाणवलं ते दोन ओळींत लिहा. काहीच जाणवलं नसेल तर तेही लिहा, डॉक्टरांना तेही लागतं: आज काही नाही.