कर्जाचा दावा आणि ऋणकोचा धर्म

मनुस्मृतीने व्यवहाराची अठरा पदे सांगितली, त्यांत पहिले पद ऋणादानाचे. चोरी, मारामारी, शिवेचा तंटा हे सारे मागून. घेतलेले परत देण्यावरच माणसामाणसांतला विश्वास उभा असतो, हे जुन्यांना पुरते ठाऊक होते. आज हा विषय घेण्याचे कारण असे की, कळवण भागात सप्ताहानिमित्त आमचे जाणे होते आणि अलीकडे कीर्तन आटोपले की मंडळी शंका विचारायच्या ऐवजी कोर्टाचा समन्सच पुढे करतात. असेच एक सद्गृहस्थ. गळ्यात माळ, कांद्याची शेती. भाव पडला त्या साली घरखर्च क्रेडिट कार्डावर चालवला, हप्ते थकले, बँकेने दावा लावला. म्हणाले, "महाराज, तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवलीच ना? मग आम्हीही हे बुडालं असं का म्हणू नये?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हे. तुकोबांनी खते बुडवली खरी, पण ती कोणती? घराण्याच्या सावकारीतली, लोकांकडून येणे असलेली. परंपरा सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याचीच खते पाण्यात सोडली. भावाचे येणे त्यांनी बुडवले नाही. सोडण्याचा अधिकार धनकोचा असतो. ऋणकोने आपले देणे सोडले तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत. गावात त्याला निराळा शब्द आहे, तो येथे लिहीत नाही.

पण सज्जनहो, म्हणून बँक सांगेल तो आकडा मान खाली घालून कबूल करावा, असेही शास्त्र म्हणत नाही. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याच धर्मशास्त्राचा. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंना लावला, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही ते तत्त्व आहे. बँकेला मात्र तो कायदा लागत नाही. कार्डावर दरमहा साडेतीन टक्के म्हणजे सालीना बेचाळीस. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांवर व्याज घेणे अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. कायदा असा झाला. तरी आमचे मत विचाराल तर, मुद्दल हे देणे, त्यावर रास्त व्याज हेही देणे. त्यापुढचा डोंगर कमी करून मागताना कोणी स्वतःला पापी समजू नये. न्यायालय हे मत मानीलच असे नाही, बरं का.

मग दाव्याचे काय करायचे? आमच्या पाहण्यात आले की, लाजेपोटी लोक बेलिफाला दारातून परत पाठवतात. काही तर पंढरीच्या वाटेला लागतात, जणू दिंडी ही लपायची जागा! समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची असते, फार तर न्यायालय नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवून देते. समरी दावा असला तर दहा दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. न गेल्यास एकतर्फा हुकूमनामा होतो आणि त्याची दरखास्त बारा वर्षे लावता येते. कैफियत म्हणजे देणे नाकारणे नव्हे. किती घेतले, किती भरले, दंड किती चढवला, एवढे खरे सांगणे, खाते उतारा मागणे. स्वतःची सही असून "सही माझी नव्हे" म्हणणे मात्र माळकऱ्याला शोभत नाही, कोणी कितीही शिकवले तरी.

मुदतीचा प्रश्न याहून नाजूक. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने अशा येण्याला सामान्यतः तीन वर्षे आहेत. मुदतीत काही रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली तर पुन्हा नवी तीन वर्षे. मुदत टळली तर दावा फेटाळला जातो. पण नीट पाहा, कायद्यानेही देणे मेले असे म्हटलेले नाही. वसुलीची वाट तेवढी बंद होते. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी वचन १८७२ चा करार कायदा आजही ग्राह्य धरतो. ज्याच्या घरी खरोखर काही नाही, त्याने ही ढाल घ्यावी. मळा बागायती आहे, दारात ट्रॅक्टर आहे, आणि तरी जो पंचांगात एकादशीऐवजी मुदतीचा दिवस शोधतो, त्याची गोष्ट वेगळी.

आणि जप्तीच्या धाकाने कोणी जिवाचे बरेवाईट करू नये. शेतीची अवजारे, गरजेची गुरे, बियाणे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, बाईचे मंगळसूत्र यांवर दिवाणी जप्ती चालत नाही. नुसत्या गरिबीसाठी ऋणकोला तुरुंगात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी वा संध्याकाळी सातच्या पुढे फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

दामाजीपंतांची कथा आपण सारे ऐकतो. दुष्काळात बेदरच्या बादशहाचे कोठार त्यांनी लुटवले, आणि देव विठू महाराचे रूप घेऊन पैसे भरायला गेला. भरले, आणि पावती घेऊन आला! देवानेही "मी भरले" असे तोंडी सांगून भागवले नाही. लोकअदालतीत तडजोड करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा, रक्कम व तारखा लेखी घ्याव्यात, शेवटी बेबाकी दाखला मागावा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना व आदिवासी बांधवांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. जाताना हाती आलेला समन्स आणि बँकेचे जुने कागद न फाडता बरोबर न्यावेत.