मुष्टियुद्ध आणि राष्ट्रांची अभिरुचि

एका देशांत मुष्टियुद्ध पाहण्यासाठीं लाखावर माणसें लोटतात, आणि दुसऱ्या देशांत तोच प्रकार कायद्यानें गुन्हा ठरतो, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या अभ्यासकानें दुर्लक्षिण्याजोगी खास नाहीं. १९९३ सालीं मेक्सिको शहराच्या अझ्टेका मैदानावर हूलिओ सेझार चावेझ याची झुंज पाहण्यास १,३२,००० वर प्रेक्षक जमले होते. त्याच वर्षीं स्वीडन, नॉर्वे व आइसलंड या तिन्ही देशांत पैशासाठीं मुष्टियुद्ध करणें बेकायदा होतें. आइसलंडांत तर १९५६ पासून हौशी खेळासहि मनाई होती. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, असें आम्ही प्राध्यापक मंडळी वर्गांत सांगत असतों. मग एकाच कृत्याविषयीं इतकी भिन्न भावना कां असावी?

याचें सोपें उत्तर म्हणजे राष्ट्रस्वभाव. अमके लोक तापट, तमके शीत, असें म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला हें उत्तर मुळींच पटत नाहीं. १९५९ सालीं इंगमार योहान्सन या स्वीडिश योद्ध्यानें न्यूयॉर्कांत फ्लॉइड पॅटरसनला पाडून जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां तो आपल्या देशाचा लाडका वीर ठरला. पुढें अवघ्या अकरा वर्षांनीं, १९७० सालीं, त्याच राष्ट्रानें त्या धंद्यास बंदी केली. अकरा वर्षांत कोणत्याहि राष्ट्राचें रक्त बदलत नसतें.

या बाबतींत वाइनबर्ग व अ‍ॅरंड या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध फार उद्बोधक आहे. अमेरिकेंतील नामांकित मुष्टियोद्धे कोणत्या समाजांतून आले, याचा हिशेब त्यांनीं मांडला. शतकाच्या आरंभीं आयरिश सर्वांत पुढें. १९२८ च्या सुमारास ज्यू. १९३६ च्या सुमारास इटालियन. आणि १९४८ पर्यंत कृष्णवर्णीय. शहराच्या कोंदट वस्तींतून जो समाज वर चढला, त्यानें रिंगण मागून येणाऱ्यांस मोकळें करून दिलें. ज्यूंच्या मुलांना शाळा-कॉलेजांच्या वाटा मोकळ्या झाल्या, आणि त्यांच्या मुठींतील तो तथाकथित वांशिक गुण कोठल्या कोठें नाहींसा झाला!

तर मग दारिद्र्य हेंच कारण म्हणावें काय? तें अर्धेंच खरें आहे. १९२३ सालीं न्यूयॉर्कांत जिमी वाइल्ड व पांचो व्हिला यांची झुंज झाली. एक वेल्सच्या कोळशाच्या खाणींत राबलेला, दुसरा फिलिपाइन्समधील गरिबाचा पोर. परंतु फिलिपाइन्समध्यें हा खेळ रुजविला तो १८९८ नंतर आलेल्या अमेरिकन अंमलानें. घानाच्या आक्रा शहरांतील बुकोम या वस्तीची कथा याहून निराळी. तेथें साहेबाचे हातमोजे येण्यापूर्वींहि वस्तीवस्तींत मुठींचे सामने होत. नवा खेळ जुन्या खोडावर कलम झाला, आणि एवढ्याशा वस्तींतून जगज्जेते निघाले. आपण गरीबहि होतों आणि इंग्रजांच्या अंमलाखालींहि होतों. तरी महाराष्ट्राच्या खेड्यांत मुष्टियुद्धानें मूळ धरलें नाहीं. याचें कारण, माझ्या मतें, येथें गांवोगांव तालीम होती. अंगांत बळ असलेल्या पोराला लाल मातीची वाट आधींच ठाऊक होती. (हरियाणांत कुस्ती व मुष्टियुद्ध दोन्ही सुखानें नांदतात, हें मला मान्य आहे. भिवानीकडे बोट दाखवून कोणी हा सिद्धांत मोडूं लागल्यास मी फारसा भांडणार नाहीं.)

परंतु कुस्ती व मुष्टियुद्ध यांत एक भेद आहे, तो कोणत्याहि देशांत पुसला जात नाहीं. मल्लाची पाठ मातीला लागली कीं कुस्ती संपली. मुष्टियुद्धांत पुरा विजय म्हणजे प्रतिपक्ष्याचें भान हरपणें. डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनीं १९२८ सालींच अशा योद्ध्यांच्या मेंदूला होणाऱ्या विकाराचें वर्णन करून ठेवलें आहे. मिल्लच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, 'प्रौढ माणसानें स्वखुषीनें पत्करलेला धोका. सरकारला काय त्याचें?' पण गुलाम होण्यासाठीं स्वतःस विकण्याची मोकळीक मिल्लहि देत नाहीं. मग आपली उतारवयांतील शुद्धि आज विकणाऱ्यास ती द्यावी काय?

क्यूबाचें उदाहरण येथें फार विचारांत पाडतें. बेनी परेट हा क्यूबांतील उसाच्या मळ्यांतून वर आलेला योद्धा. १९६२ च्या मार्चांत न्यूयॉर्कांत एमिल ग्रिफिथकडून मार खाऊन तो कोसळला, व दहा दिवसांनीं मरण पावला. असंख्य लोकांनीं तें घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहिलें. त्याच वर्षीं क्यूबानें धंदेवाईक खेळ बंद केले. परंतु मुष्टियुद्ध बंद केलें नाहीं, उलट सरकारी आश्रयानें तें वाढविलें. तेओफिलो स्टीव्हन्सनला ऑलिंपिकचीं तीन सुवर्णपदकें मिळालीं. पैसा गेला, ठोसे मात्र राहिले. गियेर्मो रिगोंदो दोन सुवर्णपदकें मिळवूनहि २००९ सालीं देश सोडून गेला व पुढें परक्या रिंगणांत पैसे घेऊन लढला. अखेर २०२२ सालीं क्यूबानेंच आपल्या योद्ध्यांस धंदेवाईक सामन्यांची परवानगी दिली. स्वीडननें २००६ सालीं कडक अटींवर व नॉर्वेनें २०१४ सालीं आपली बंदी उठविली. ज्या देशांत गरिबाच्या मुलापुढें दुसरीं दहा दारें उघडीं आहेत, तेथें हें एक दार लावून घेणें स्वस्त पडतें. मेक्सिकोच्या सरकारनें तें लावावें, असें सांगण्याचा धीर मला होत नाहीं. खेळणाऱ्यास दोष देणेंहि मला जमत नाहीं. प्रेक्षकाचें काय, हा प्रश्न मात्र टळत नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यांत गेला व तेथें मुष्टियुद्ध शिकला. रजेंत भेटीस आला असतां मीं विचारलें, "अरे, तुमच्या गांवांत तालीम असतांना हें कशाला?"

तो म्हणाला, "सर, कुस्तीला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम घरून कोण देणार? तिकडे खुराक पलटणीचा."

तालमीविषयींचा माझा सिद्धांत त्यानें असा एका वाक्यांत अर्धा पाडला. त्याच्या आग्रहावरून पुढें त्याची एक लढत पाहण्यास मी गेलों. नाक फुटेल, रक्त दिसेल, तेव्हां मान फिरवावी, असें मनांत ठरवूनच बसलों होतों. दुसऱ्या फेरींत त्याच्या उजव्या ठोशानें समोरचा पोरगा गुडघ्यावर आला, आणि इतरांबरोबर मीहि उभा राहून टाळ्या पिटल्या. पंचानें आंकडे मोजावयास आरंभ केला तेव्हां तो पोरगा दोरीला हात लावून उठूं पाहत होता, आणि त्यानें उठूं नये असें मला वाटत होतें. तो कोण, कोठला, हें मीं मागाहून विचारलें नाहीं.