‘देव आहे ना सोबत!’ : धुकं, हायवे आणि श्रद्धा



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५.

तामस कर्म कोणतं, ते भगवंत इथे सांगतात. पुढे काय होईल, किती नुकसान होईल, कुणाला इजा होईल का आणि हे आपल्याला झेपेल का, यातलं काहीच न बघता मोहाने सुरू केलेलं काम तामस. हेतू पवित्र असेल तर सूट, असं या श्लोकात कुठेही नाही. म्हणजे देवदर्शनाचा प्रवाससुद्धा तामस होऊ शकतो!

डिसेंबर-जानेवारीत आपल्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईहून विमानाने दिल्ली गाठतात आणि रात्रीच कॅबने वृंदावनला निघतात. पहाटेची मंगला आरती चुकवायची नसते ना! वाटेत यमुना एक्सप्रेसवे, आणि ऐन थंडीत त्यावर दाट धुकं. नोव्हेंबर २०१७ मध्ये याच रस्त्यावर धुक्यात एकामागून एक गाड्या आदळत गेल्या, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले होते.

जरा हिशोब करू. हवामान खात्याच्या भाषेत ‘अति दाट धुकं’ म्हणजे ५० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही. ताशी १०० किमी वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. समोरचा ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत निम्म्याहून जास्त अंतर संपलेलं असतं, आणि कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी पन्नासेक मीटर लागतात. हाय बीम लावला तर प्रकाश धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणजे जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबत नसेल, तर आपण रस्त्यावर नाही, अंदाजावर चाललोय.

इथे कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, देव आहे ना सोबत!’ आहेच. पण याच अध्यायात चौदाव्या श्लोकात भगवंत कर्माची पाच कारणं सांगतात : आधार, कर्ता, साधनं, वेगवेगळे प्रयत्न आणि पाचवं दैव. पहिली चार आपण सोडून द्यायची आणि पाचव्यावर सगळा भार टाकायचा, याला शरणागती कसं म्हणायचं? स्वतः भगवंत सारथी झाले, तेव्हा त्यांनी घोडे वाऱ्यावर सोडले नव्हते.

आणि एक गोष्ट फार टोचते. गाडी बहुतेक वेळा आपण चालवतच नसतो. मागच्या सीटवरून आपण म्हणतो, ‘भैया, थोडा जल्दी.’ ड्रायव्हरदादाला धुकं आपल्यापेक्षा जास्त कळतं, पण भाडं आणि रेटिंग आपल्या हातात असतं. तो नाही कसा म्हणणार? जोखीम त्याच्या जिवाची, समोरच्या ट्रकवाल्याच्या जिवाची, आणि पुण्य मात्र आपलं! ‘कुणाला इजा होईल का’ हा श्लोकातला प्रश्न इथे विचारायचा असतो.

आपली वारी आठवा. पालखी रोज ठरल्या ठिकाणी मुक्काम करते. मुक्काम केला म्हणून कुणाची भक्ती कमी झाली का? धुक्यातही मुक्काम करता येतो. शक्यतो रात्री निघूच नका. अडकलात तर वेग कमी ठेवा, लो बीम आणि फॉग लाइट लावा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर सोडा. रस्त्याच्या कडेला थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. टोल नाका किंवा रेस्ट एरिया गाठा. तिथे चहा घ्या, ड्रायव्हरदादालाही पाजा आणि ऊन येईपर्यंत नाम घ्या.

मंगला आरती चुकेल. वाईट वाटेल, खरंय. पण दुपारीही ठाकुरजी तेच असतात.

आजचा संकल्प : या हिवाळ्यात ‘दादा, सावकाश चला, उशीर झाला तरी चालेल,’ हे वाक्य आधी आपण बोलायचं. त्याला मागायला लावायचं नाही.

राम कृष्ण हरी!