सत्य सांपडल्यावर काय करावें?

फ्रेंच लेखक गास्तों लरू हे पूर्वीं पॅरिस येथें वृत्तपत्राचे बातमीदार असून न्यायालयांतील खटल्यांची हकीकत लिहीत. त्यांची ‘पिवळ्या खोलीचें रहस्य’ ही कादंबरी १९०७ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक रूलताबीय हा अवघा अठरा वर्षांचा बातमीदार.

आंतून बंद असलेल्या खोलींतून एका विदुषीची किंकाळी ऐकूं येते. दार फोडल्यावर ती घायाळ आढळते. हल्लेखोर मात्र कोठेंच नाहीं. पुढें तिच्या नियोजित वरावर आळ येतो. रूलताबीय खरा अपराधी हुडकून काढतो, आणि तो निघतो तपासावरील नामांकित पोलीस अंमलदारच! भर न्यायालयांत रूलताबीय निरपराध्यास सोडवितो. पण अपराध्याचें नांव उच्चारण्यापूर्वीं त्यास पळून जाण्यास अवधि देतो. कारण, तो पकडला गेला असता तर त्या स्त्रीचें गुपित चव्हाट्यावर आलें असतें.

प्रिय वाचकहो, हें योग्य झालें काय? दुसऱ्याची झांकलेली लाज उघडी करणें ही सत्यप्रीति नव्हे, तो निर्दयपणा होय. परंतु पुढील कादंबरींत तोच दुष्ट परत येऊन त्याच स्त्रीस छळतो! गुपित राखणें निराळें आणि अपराध्यास मोकळें सोडणें निराळें.

शेजारच्या घरचें कांहीं आपल्या कानीं आलें, तर आम्हांस वाटतें कीं दोन प्रश्न विचारावे. बोलल्यानें कोणाची अब्रू जाईल? न बोलल्यानें कोणाच्या जिवास धोका राहील? आणि दुसऱ्याचें उत्तर आधीं द्यावें.