रिकामा रस्ता कोणाचा ?

सायकलीवरून दूरचा प्रवास करणाऱ्या रसिक मंडळींत एक अभिलाषा वारंवार प्रकट होत असते. आल्प्स पर्वताच्या उंच खोऱ्यांत, जेथें मोटारीचा कर्णा ऐकूं येत नाहीं, जेथें आपल्या चाकांच्या सळसळीवांचून दुसरा आवाज नाहीं, अशा वाटेनें आठ-पंधरा दिवस फिरावें, ही ती अभिलाषा होय. नकाशे पसरून अशा वाटा हुडकण्याचा छंद युरोपांत फार. आतां आपल्याकडील तरुणांसही तो जडूं लागला आहे. सोलापूरसारख्या सपाट, उन्हानें करपलेल्या मुलुखांत बसून ह्या हिमाच्छादित विषयाची चर्चा आम्हीं कां करावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ह्या अभिलाषेच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडला आहे, आणि तो आल्प्सपेक्षां सोलापुरास अधिक जवळचा आहे. रस्ता ही सर्वांची वस्तु. ती आपल्या सुखाकरितां इतरांनीं मोकळी करून द्यावी, असें मागण्याचा अधिकार कोणास पोंचतो काय ?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. स्वित्झर्लंडांतील गोटहार्ड घाटाची उंची सुमारें २,१०० मीटर आहे. त्याच्या दक्षिण उतरणीवर, ट्रेमोला नांवाच्या दरींतून, एकोणिसाव्या शतकांत बांधलेली जुनी सडक अजून शाबूत आहे. तिला चोवीस वळणें असून ती दगडी चिऱ्यांनीं फरसबंद केलेली आहे. आज सायकलस्वार तीवरून निर्धास्तपणें चढतात, आणि तेथील शांततेचें वर्णन करतांना त्यांची लेखणी थांबत नाहीं. पण ही शांतता आली कोठून ? आधीं मोटारींकरितां घाटांतच दुसरी रुंद सडक झाली. पुढें १९८० सालीं डोंगराच्या पोटांतून सुमारें १७ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला आणि वाहनांचा लोंढा भूमिगत झाला. लोंढा आटला नाहीं. त्यानें वाट तेवढी बदलली. बोगद्याच्या उत्तरेस रॉइस नदीचें अरुंद खोरें आहे. तेथील गांवकऱ्यांच्या उशाशीं तो रात्रंदिवस वाहूं लागला. अखेर १९९४ सालीं स्विस जनतेनें सार्वमतानें असें ठरविलें कीं, देशांतून आरपार जाणारा माल सडकेवरून काढून रेल्वेवर घालावा. २००१ सालीं त्याच बोगद्यांत दोन मालट्रकांची टक्कर होऊन आग भडकली व अकरा माणसें प्राणांस मुकलीं. घाटमाथ्यावरील सायकलस्वार ज्या निवांतपणाचा उपभोग घेतो, त्याचें देणें खालच्या खोऱ्यांत दुसराच कोणी फेडीत असतो, हें त्याच्या प्रवासवर्णनांत सहसा येत नाहीं.

इटलींतील स्टेल्व्हिओ घाटाची तऱ्हा निराळी. सुमारें २,७५० मीटर उंचीचा हा घाट १८२५ सालीं पुरा झाला. एका बाजूस त्याला अठ्ठेचाळीस वळणें आहेत. तेथें वर्षांतून एक दिवस मोटारींस बंदी करून सडक सायकलस्वारांच्या स्वाधीन केली जाते. येथें कोणाचा भार कोणाच्या दारीं कायमचा नेऊन टाकलेला नाहीं. एक दिवस तुमचा, बाकीचे आमचे, असा हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला करार आहे. आमच्या मतें हा प्रकार पहिल्याहून अधिक प्रामाणिक होय. हिमालयांत रोहतांग घाटाखालून २०२० सालीं सुमारें ९ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला, तो मात्र लाहौलच्या लोकांची हिवाळ्यांतली कोंडी फुटावी म्हणून. माथ्यावरची वाट त्यामुळें थोडी निवांत झाली असेल तर तो सायकलस्वारास आयता मिळालेला प्रसाद समजावा.

परंतु इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. मोटाररहित डोंगर आपल्या महाराष्ट्रांतही आहे. माथेरान सुमारें ८०० मीटर उंचीवर. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं तें शोधून काढलें असें सांगण्याची वहिवाट आहे. (तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या रानकरी लोकांस तें हरवलें आहे असें कधीं वाटलें नसावें.) १९०७ सालीं नेरळहून तेथवर छोटी आगगाडी गेली. मोटारी मात्र दस्तुरी नाक्याशीं थांबतात. पुढें तांबड्या मातीची वाट, झाडी आणि निवांतपणा. मुंबईचा दमलेला मनुष्य तेथें जाऊन धन्य होतो व मोटार नसलेलें जग किती सुंदर असतें यावर प्रवचन देतो. त्याचें सामान कोणी उचललें ? त्याच्या वृद्ध मातोश्रींस त्या चढावरून वर कोणी नेलें ? एक माणूस पुढें रिक्षा ओढीत होता आणि मागून लोटणारे घामानें निथळत होते. यंत्राला बंदी झाली, पण ओझें संपलें नाहीं. तें माणसाच्या खांद्यावर आलें. ई-रिक्षांचा प्रयोग तेथें २०२२ सालीं सुरू झाला आणि २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा आल्यास माथेरानचें माथेरानपण जाईल, अशी हळहळ कांहीं रसिकांनीं व्यक्त केली. त्या हळहळीशीं आम्हांस तिळमात्र सहानुभूति वाटत नाहीं. ज्या शांततेच्या तळाशीं दुसऱ्याची धाप ऐकूं येते, ती शांतता ऐकणाऱ्याचे कान तरी मंद असले पाहिजेत किंवा मन तरी.

मग रिकाम्या रस्त्याची इच्छा मुळांतच स्वार्थी म्हणावी काय ? तसें आम्हांस वाटत नाहीं. ह्या इच्छेंत दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते सोडविल्याशिवाय न्याय होणार नाहीं. एक धागा एकांताचा : मी असावें, डोंगर असावा, दुसरें कोणी नसावें. ही कवीची इच्छा आहे. ती सुंदर असेल, पण तिजवर हक्क सांगतां येत नाहीं, कारण प्रत्येकानें ती मागितली तर कोणासच मिळावयाची नाहीं. दुसरा धागा निर्भयतेचा : मागून येणाऱ्या चाकाखालीं मी चिरडला जाऊं नये. ही इच्छा सर्वांनीं एकदम केली तरी ती सर्वांस पुरते. किंबहुना जितके अधिक लोक ती करतील तितकी ती सुलभ होते. आल्प्सचा शौकीन पुष्कळदां पहिली वस्तु मागतो आणि समर्थन दुसरीचें करतो. उलट आमच्या शहरांतला सायकलवाला दुसरीच मागतो, पण तिला पहिलीप्रमाणें चैन समजून हंसण्यावारी नेलें जातें.

हें चैन समजणें किती विपरीत आहे, याचा इतिहासच साक्षी आहे. इंग्लंडांत सायकल-पर्यटकांची मोठी संस्था १८७८ सालीं निघाली. १८८६ सालीं सायकलस्वारांच्याच संघटनांनीं रस्तेसुधारणेकरितां वेगळें मंडळ स्थापन केलें. गुळगुळीत सडक ही आधीं सायकलस्वाराची मागणी होती. मोटार मागून आली आणि तयार बिछान्यावर आडवी झाली. पुढें वेग व वजन यांच्या जोरावर मालकी बदलली. त्याकरितां कोठें दस्तऐवज झाला नाहीं. आतां उलट उदाहरण पाहा. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. त्यावर पादचारी, बैलगाडी, सायकल, दुचाकी यांस मज्जाव आहे. ही बंदी मंदगति प्रवाशांच्याच रक्षणार्थ आहे, हें आम्ही मान्य करतों. त्यांना जुना रस्ता उरला आहे, हेंही खरें. तथापि जलद जाणाऱ्यांकरितां एक संपूर्ण सडक राखून ठेवतां येते, एवढें तत्त्व ह्या राज्यानें एकदां स्वीकारलें, तर हळू जाणाऱ्यांकरितां एखादी सडक थोडा वेळ राखावी म्हणणाराला स्वप्नाळू ठरविण्याचा अधिकार कोणास राहतो ?

आणि सोलापूरकरांनीं तर हें स्वप्न म्हणूंच नये. कारण तें त्यांच्या डोळ्यांदेखत दरसाल घडतें. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास तुळजापूरचा रस्ता पाहावा. सुमारें ४५ किलोमीटरांची वाट, शेवटीं बालाघाटचा चढ. सोलापुरांतून आणि पलीकडे कर्नाटकांतून हजारों माणसें भवानीच्या दर्शनास पायीं निघतात. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, कॉलेजांतले विद्यार्थी, कडेवर मूल घेतलेल्या सुना. वाटेवर कोणी चहा देतो, कोणी केळीं वांटतो, कोणी पायांस तेल चोळतो. त्या काळांत मोटारी व मालट्रक यांस ह्या रस्त्यावरून दुसऱ्या वाटेस वळविण्यांत येतें. एरवीं ज्या महामार्गावर सायकल घालतांना छातींत धस्स होतें, त्याच्या मधोमध म्हातारी कोतारी रात्रीच्या वेळीं गाणीं म्हणत चालतात. रस्ता येथें रिकामा होतो तो भरण्याकरितां. एकांताची इच्छा त्या समुदायांत कोणाचीच नसते. निर्भयता मात्र सर्वांस सारखी लाभते. नकाशे पसरून युरोपांत जी वस्तु हुडकीत जातात, तिचा अर्धा भाग, आणि आमच्या मतें अधिक मोलाचा अर्धा भाग, येथें घरच्या अंगणांत आहे.

ट्रकवाला हा वळसा निमूटपणें सोसतो, कारण काम देवीचें आहे. पंढरीच्या वाटेसही हाच मान आहे; २०२१ च्या नोव्हेंबरांत ज्या पालखी मार्गांची कोनशिला बसली, त्यांच्या दोन्ही बाजूंस वारकऱ्यांकरितां स्वतंत्र पदपथ योजिले आहेत. हें योग्यच झालें. आमचा प्रश्न एवढाच कीं, कारण देवाचेंच असलें पाहिजे काय ? सोलापुरांत पुणें-हैदराबाद आणि विजापूर-धुळें हे दोन महामार्ग मिळतात आणि जड वाहतूक शहराच्या अंगावरून जाते. गिरण्यांचे भोंगे वाजत त्या काळीं पाळी सुटली कीं सायकलींची रांग लागे. भोंगे बंद झाले, पण पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा पोरगा, कॅन लटकावून येणारा दूधवाला आणि पूर्व भागांतला विणकर अजून सायकलीवरच आहेत. रोज सायंकाळीं धडधाकट घरीं पोंचणें हीही त्यांची एक वारीच होय. फक्त तिला पताका नाहीं.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. रस्ता बंद केला तर वळसा कोणास पडतो ? मोटारवाल्यास पडला तर दहा मिनिटें अधिक, पण एस.टी.तून दवाखान्यास निघालेल्या खेडुतास पडला, तर निर्भयतेच्या नांवानें आपण गरिबाचा वेळ गरिबालाच विकला असें होईल, आणि माथेरानचीच चूक दुसऱ्या वेषांत घडेल. म्हणून वळशाचा हिशेब आधीं मांडावा, सडक मागाहून अडवावी. सोलापूर-तुळजापूर रस्त्याची एक बाजू महिन्यांतल्या एका रविवारीं सकाळीं नऊपर्यंत सायकली व पादचारी यांस द्यावी. दुसऱ्या बाजूनें एस.टी., दुधाच्या गाड्या व रुग्णवाहिका दुतर्फा चालाव्यात. मालट्रकांनीं नऊ वाजेपर्यंत थांबावें. रस्ता चौपदरी आहे, तेव्हां हें अशक्य नाहीं. प्रवेशास शुल्क नसावें व भारी सायकलीची अट नसावी. भाड्याची, कॅरिअर वांकलेली सायकलही चालावी. घाटाच्या पायथ्याशीं पाण्याचा रांजण मात्र हवा, कारण मार्चानंतर सोलापुरांत आठ वाजतांच ऊन आपला हक्क सांगूं लागतें.